नमुना-आराखडा विद्यार्थ्यापुढे केव्हा आणि कसा ठेवावा

विद्यार्थ्यांच्या रोबोट-स्पर्धांत मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकापुढे हंगामाच्या आरंभीच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो असा की, दुसऱ्या कोणी तयार केलेल्या, उत्तम चालणाऱ्या आणि सर्व मापांसह प्रसिद्ध झालेल्या रोबोटचा आराखडा आपल्या मुलांना दाखवावा, की तो त्यांच्या दृष्टीपासून दूर ठेवावा. दाखवला तर मुले तो जसाच्या तसा उतरवून घेतील आणि विचाराचे श्रम टाळतील, ही एक भीती. न दाखवला तर ज्यांनी आजवर हातात पानासुद्धा धरलेला नाही अशी मुले पहिल्या पंधरवड्यातच खचून जातील आणि या विद्येकडे कायमची पाठ फिरवतील, ही दुसरी. या दोन्ही भीती निराधार नाहीत. परंतु त्यांतील एकीचाच विचार करून जे शिक्षक सरसकट मनाईचा किंवा सरसकट मुभेचा हुकूम काढतात, ते प्रश्नाच्या मुळाशी जात नाहीत असे मला वाटते. नमुना स्वभावतः शिक्षणाला पोषक नसतो आणि मारकही नसतो. तो कोणत्या वेळी दिला, एक दिला की अनेक, त्याच्यासोबत त्यामागची कारणे दिली की नाही, आणि तो हाती आल्यावर निर्णय घेण्याचे किती काम विद्यार्थ्याच्या अखत्यारीत उरले, या चार गोष्टींवर त्याचा परिणाम अवलंबून असतो. म्हणून नमुना द्यावा की न द्यावा या वादात फार न शिरता तो कसा द्यावा, याचा तपशीलवार विचार येथे करावयाचा आहे.

देवघेवीची परंपरा

आराखड्यांची ही देवघेव स्पर्धेच्या नियमांना चुकवून, चोरीछुपे होणारी गोष्ट नाही. डीन केमेन यांनी १९८९ साली अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर या शहरी एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा भरवली. पुढे ही स्पर्धा वाढत गेली, तशी प्रतिस्पर्ध्याला साहाय्य करण्याची वृत्तीही तिच्यात रुजत गेली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तर, चुरशीने लढावे पण प्रतिपक्षाविषयीचा आदर आणि सौजन्य ढळू देऊ नये, या आग्रहाला स्पर्धेच्या आचारधर्माचेच स्थान मिळवून दिले. या स्पर्धेत दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो, आणि २०१९ पर्यंत तर सुमारे सहा आठवड्यांच्या मुदतीत रोबोट पुरा करून तो पिशवीत सीलबंद करावा लागे. एवढ्या अल्पावधीत अनुभवी संघ आपला रोबोट तयार करून, तपासून, दुरुस्तही करीत. पण ज्या शाळेत ना कार्यशाळा होती ना अनुभवी अभियंता, तेथील मुलांची अर्धी मुदत केवळ चाके फिरती करण्यातच निघून जाई.

ही विषमता डोळ्यांपुढे असताना २०१३ साली 'रोबोट इन थ्री डेज' हा उपक्रम सुरू झाला. त्या वर्षीचा खेळ तबकड्या फेकण्याचा होता, आणि खेळ जाहीर झाल्यापासून ७२ तासांच्या आत अनुभवी मंडळींनी एक चालता रोबोट उभा करून त्याची कृती सर्वांसाठी खुली केली. पुढे टेक्सासमधील 'रोबोनॉट्स' या नामांकित संघाने 'एव्हरीबॉट' या नावाने, साध्या हत्यारांनी आणि थोड्या खर्चात बांधता येईल असा रोबोट त्या त्या वर्षीच्या खेळासाठी योजून त्याचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला. स्पर्धेच्या चालकांनीही साहित्यसंचातून चालता सांगाडा पुरवण्याची तरतूद केली आणि अलीकडे तर त्या वर्षीचा खेळ खेळू शकणारा प्राथमिक 'किटबॉट'ही दिला. इतकेच नव्हे, तर हंगामापूर्वी रचलेला आराखडा किंवा प्रोग्राम एखाद्या संघाला नव्या हंगामात वापरावयाचा असेल, तर तो खेळ जाहीर होण्यापूर्वी सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला असला पाहिजे, असा नियमच तेथे आहे. म्हणजे पूर्वतयारीचा लाभ घेण्याची मुभा आहे, पण ती झाकून ठेवण्याची नाही.

या उपक्रमांवर दोन प्रकारची मते व्यक्त झाली. मैदानावर एकाच साच्यातून काढल्यासारखे रोबोट दिसू लागतील आणि पहिल्या आठवड्यात मुलांनी जी धडपड करावयास हवी तीच संपुष्टात येईल, असे एका पक्षाचे म्हणणे. तर अडीच मिनिटांच्या सामन्यात जो रोबोट जागचा हलतच नाही त्यापासून मुलांना निराशेखेरीज काहीही शिकावयास मिळत नाही, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांनी आपापल्या अनुभवाचे दाखले दिले, आणि ते खरेही असावेत. कारण हे दोन पक्ष दोन निरनिराळ्या विद्यार्थ्यांविषयी बोलत होते. एकाच्या मनात आधीच बरेच काही जाणणारा विद्यार्थी होता, दुसऱ्याच्या मनात काहीच न जाणणारा.

संशोधनाची साक्ष

शिक्षणशास्त्रातील संशोधन हा भेद स्पष्ट करून दाखवते. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ साली बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले, तेव्हा असे आढळले की, नवख्या विद्यार्थ्याला नुसती उदाहरणे सोडवावयास देण्याऐवजी पायरीपायरीने सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासावयास दिली, तर पुढे तशाच धर्तीची उदाहरणे तो अधिक लवकर आणि कमी चुका करून सोडवतो. याचे कारण असे की, माणसाच्या मनाची एका वेळी अनेक गोष्टी हाताळण्याची शक्ती मर्यादित असते, आणि नवखा विद्यार्थी उत्तराच्या शोधात चाचपडू लागला म्हणजे ती सारी शक्ती चाचपडण्यातच खर्ची पडते. रीत समजून घेण्यासाठी काही शिल्लक उरत नाही. परंतु हीच सोय जाणत्या विद्यार्थ्याला अडचणीची ठरते, असे स्लाव्हा कल्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत स्वेलरही होते, २००३ साली दाखवून दिले. ज्याला रीत अवगत आहे त्याच्यापुढे पुनःपुन्हा सोडवलेली उदाहरणे ठेवणे म्हणजे त्याच्या मनावर निरर्थक भार घालणे होय.

दुसरी साक्ष अभियांत्रिकीच्या क्षेत्रातील असून ती अधिक सावध करणारी आहे. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काही जणांना नवी वस्तू योजण्यापूर्वी एक नमुना दाखवला आणि काहींना दाखवला नाही. एका प्रयोगात न सांडणारा कॉफीचा पेला योजावयाचा होता आणि त्यात स्ट्रॉ वापरू नये अशी स्पष्ट ताकीद होती. पण दाखवलेल्या नमुन्यातच स्ट्रॉ होती, आणि नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत ती ताकीद असूनही उतरली. नमुन्यातील दोषांसह नमुना मनात घर करतो, आणि तो केवळ विद्यार्थ्यांच्याच नव्हे, तर व्यवसायात मुरलेल्या अभियंत्यांच्याही मनात घर करतो, असा त्या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

तिसरी साक्ष या दोहोंमध्ये वाट काढून देते. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली, यामिकीतील (मेकॅनिक्स) सोडवलेली उदाहरणे विद्यार्थी कशी वाचतात याचे निरीक्षण केले. ज्यांची प्रगती चांगली झाली ते विद्यार्थी प्रत्येक पायरीला थांबून, ही पायरी येथेच का आली, हिच्यामागे कोणते तत्त्व आहे, याचा खुलासा स्वतःशी करीत होते. मागे पडलेले विद्यार्थी नुसते वाचून पुढे जात होते. नमुना दोघांपुढे एकच होता, पण लाभ निराळा झाला. तेव्हा शिक्षकाने ज्याची तजवीज करावयाची, तो हा खुलासा होय.

उतरवून घेणे आणि समजून घेणे

हा फरक प्रत्यक्ष बाकावर कसा दिसतो ते पाहावे. व्हेक्स या स्पर्धाप्रकारातील धातूच्या पट्ट्यांना अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या, ठराविक अंतरावर भोके असतात. त्यामुळे एखाद्या विजयी रोबोटचे चित्रण थांबवून पट्टीवरील भोके मोजली की, तिची लांबी, सांध्याची जागा आणि दोन आसांमधील अंतर ही सर्व मापे घरबसल्या काढता येतात. असे भोके मोजून उभारलेले यंत्र पाहणाऱ्याला अस्सल वाटते आणि बहुधा चालतेही. पण त्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला, उचलत्या हाताच्या मोटरवर १२ दात्यांचे आणि हातावर ८४ दात्यांचेच गिअर का बसवले, असे विचारावे, म्हणजे त्याने काय मिळवले आहे ते तत्काळ समजते.

समजा, त्या विद्यार्थ्याने हिशेब मांडला. मोटर मिनिटाला १०० फेऱ्यांची असून तिचे कमाल पिळबळ (टॉर्क) सुमारे २.१ न्यूटन-मीटर आहे. १२ आणि ८४ दात्यांच्या जोडीने वेग सातपट घटतो आणि घर्षण वगळता बळ सातपट, म्हणजे १४.७ न्यूटन-मीटर, होते. हात ४० सेंटिमीटर लांब, टोकाला अर्ध्या किलोची वस्तू आणि हाताचे स्वतःचे वजन ६०० ग्रॅम धरले, तर हात आडवा असताना लागणारे बळ साधारण ३.१ न्यूटन-मीटर भरते. ज्याच्या यंत्राची नक्कल केली त्याला कदाचित याहून जड वस्तू उचलावयाची होती. आपल्याला ती नाही. मग १२ आणि ६० दात्यांची जोडी घेतली तर १०.५ न्यूटन-मीटर बळ मिळते, घर्षण आणि उतरती बॅटरी यांसाठी भरपूर शिल्लक राहते, आणि हात काटकोनात वळवण्यास जेथे एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागत होता तेथे पाऊण सेकंद पुरतो. १२ आणि ३६ ची जोडी याहूनही वेगवान ठरेल, पण तिचे ६.३ न्यूटन-मीटर गरजेच्या जेमतेम दुप्पट असल्याने मोटर तापण्याचा धोका संभवतो. दोन मिनिटांच्या सामन्यात हात अनेकदा वरखाली होतो, तेव्हा वाचलेल्या त्या पाव सेकंदाचे मोल मोठे आहे. हा हिशेब ज्याने केला त्याने तोच गिअर कायम ठेवला काय आणि बदलला काय, तो गिअर आता त्याच्या निर्णयाचा झाला. ज्याने केला नाही, त्याच्याकडे केवळ उसनी लांबी-रुंदी आहे. वस्तूचे वजन बदलले की तो अडलाच.

मार्गदर्शकाने पाळावयाचा क्रम

पहिली गोष्ट वेळेची. खेळ जाहीर झाल्यावर पहिला आठवडा, निदान पहिले तीन-चार दिवस, मुलांनी कोणाचेही चित्रण किंवा आराखडा पाहू नये, असा संघाचा स्वतःचा नियम असावा. या दिवसांत नियमपुस्तिका मोठ्याने वाचावी, कोणत्या कृतीला किती गुण आणि ती करण्यास किती सेकंद लागतील याचा तक्ता मांडावा, मैदानाचा आखीव तुकडा वर्गात खडूने काढून मुलांनीच रोबोट होऊन त्यावर चालून पाहावे, आणि पुठ्ठा, लाकडी पट्ट्या, रबरबँड यांची कच्ची यंत्रे जोडावीत. ती यंत्रे नीट चालणार नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. वस्तू पकडताना कोठे निसटते, हे ज्या मुलाने स्वतः अनुभवले आहे, त्यालाच दुसऱ्याच्या आराखड्यातील पकडीच्या टोकाला रबर का लावले आहे ते कळते. प्रश्न भेटण्यापूर्वी उत्तर भेटले तर त्याची ओळखच पटत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. एकच नमुना कधीही दाखवू नये. तीन दाखवावेत, आणि ते एकमेकांहून मुळातच भिन्न असावेत: एक वस्तू चिमट्याने धरणारा, दुसरा फिरत्या रुळांनी आत ओढणारा, तिसरा खालून सुपासारखा उचलणारा. एक नमुना आज्ञेसारखा वाटतो; तीन नमुने समोर आले म्हणजे निवड करणे भाग पडते आणि निवडीला कारण द्यावे लागते. प्रत्येकाचा वेग, वजन, लागणाऱ्या मोटरींची संख्या, दुरुस्तीची सुलभता आणि आपल्याकडील साहित्य यांचा तक्ता मुलांनी स्वतः भरावा, आणि मतभेद झाला तर मार्गदर्शकाने निकाल देण्याची घाई न करता, कोणती चाचणी घेतल्यास हा वाद मिटेल, एवढेच विचारावे.

तिसरी गोष्ट खुलाशाची. निवडलेल्या नमुन्यातील प्रत्येक प्रमुख भागाविषयी मुलांनी आपल्या वहीत तीन वाक्ये लिहावीत: हा भाग काय करतो, तो असाच का असावा असे आम्हांस वाटते, आणि तो काढून टाकला तर काय होईल. तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याची सत्यता स्क्रू सोडवून पाहता येते. नमुन्यातील काही भाग निरुपयोगीही असतो. मूळ संघाने तो घाईत ठेवलेला असतो किंवा त्यांच्याकडे दुसरी पट्टी नसते. असा भाग ज्या मुलांनी हेरला, त्यांच्या मनावरील नमुन्याचा दाब उतरला असे समजावे.

चौथी गोष्ट अपूर्णतेची. अगदी नवख्या मुलांनाही आराखडा पुरा देऊ नये. आरंभी सांगाडा आणि चाके यांची कृती संपूर्ण द्यावी; त्यानंतर हाताच्या आराखड्यातील गिअरची जोडी रिकामी ठेवावी; पुढे पकडीचा केवळ हेतू आणि मोजमापांच्या मर्यादा सांगून बाकीचे त्यांच्यावर सोपवावे. कित्ता गिरवणाऱ्या मुलाला गुरुजी आधी सबंध ओळ आखून देत, मग नुसते ठिपके, मग केवळ पहिले अक्षर. तोच क्रम येथेही हितावह आहे. साहाय्य किती वेगाने काढून घ्यावे हे वेळापत्रकावरून ठरवू नये, मुलांच्या उत्तरांवरून ठरवावे.

पाचवी गोष्ट भाकिताची. घेतलेल्या नमुन्यात मुलांनी निदान एक बदल करावा, आणि तो करण्यापूर्वी त्याचा परिणाम काय होईल ते आकड्यांत लिहून ठेवावे. चाकाचा व्यास वाढवला तर वेग किती वाढेल, ढकलण्याचे बळ किती घटेल, हे आधी लिहावे आणि मग फीत अंथरून, घड्याळ लावून मोजावे. भाकीत खरे ठरले तर समज पक्की होते. खोटे ठरले तर त्याहून अधिक शिकावयास मिळते, कारण कोठे तरी एखादे घर्षण, एखादी लवचीक पट्टी किंवा निसटणारी चेन हिशेबाबाहेर राहिली होती, हे उघडकीस येते.

सहावी आणि शेवटची गोष्ट ऋणनिर्देशाची. कोणती कल्पना कोठून घेतली, कोणता प्रोग्राम कोणाचा, त्यात आम्ही काय बदलले, याची तारीखवार नोंद संघाच्या दप्तरी असावी. हे केवळ सभ्यतेसाठी नव्हे. जो विद्यार्थी दुसऱ्याचे आणि आपले यांच्यामध्ये रेघ मारावयास बसतो, त्याला आपले नेमके काय आहे याचा हिशेब द्यावाच लागतो, आणि त्या बाजूस काहीच लिहिण्यासारखे नसले तर ते त्याचे त्यालाच उमगते.

काय उसने घ्यावे, काय घेऊ नये

रोबोटचे सर्व भाग या दृष्टीने समान नाहीत. चालता सांगाडा, मोटरींची जोडणी, तारा बांधण्याची आणि बॅटरी सुरक्षित ठेवण्याची पद्धत, सेन्सर वाचण्याचे प्राथमिक प्रोग्राम, या गोष्टी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून सिद्ध झालेल्या आहेत. त्या पहिल्या वर्षाच्या संघाने निःसंकोचपणे घ्याव्यात आणि त्यांतील चुकांवर मुदत वाया घालवू नये. याउलट त्या वर्षीच्या खेळाचे जे खास कार्य असेल, वस्तू उचलण्याचे, फेकण्याचे किंवा रचण्याचे, तेथे मुलांचा स्वतःचा प्रयत्न झालाच पाहिजे; आणि डावपेच, म्हणजे कोणते गुण आधी मिळवावयाचे आणि कोणते सोडून द्यावयाचे, हे तर कोणाकडूनही उसने घेऊ नये.

संघ जुना होत जाईल तशी ही सीमारेषा सरकत गेली पाहिजे. दुसऱ्या वर्षी सांगाडा स्वतःचा असावा. तिसऱ्या वर्षी दुसऱ्यांचे नमुने आपले काम झाल्यावर, तुलनेसाठी पाहावेत. जो संघ चौथ्या वर्षीही प्रसिद्ध आराखड्याची वाट पाहत बसतो, त्याला मदतीची नव्हे तर मदत थांबवण्याची गरज आहे. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा २००२ पासून भरते आणि तिचा विषय दरवर्षी बदलतो. २००८ साली ती पुण्यात झाली तेव्हा तर दहीहंडीवर आधारलेला 'गोविंदा' हाच विषय होता. विषय बदलल्यामुळे गतवर्षीचा सबंध रोबोट उपयोगी पडत नाही, पण प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा असलेला सीनिअर मुलांचा रोबोट हा सर्वांत जवळचा नमुना असतो. पुष्कळदा त्याच्या मोटरी काढून घेतल्या जातात आणि सांगाडा भंगारात जातो. तो मोडण्यापूर्वी ज्यांनी बांधला त्यांनी नव्या मुलांच्या देखत, एकेक भाग सोडवीत, हा येथे का बसवला आणि कोठे फसला, हे सांगण्याचा एक दिवस राखून ठेवला, तर त्याइतका उत्तम पाठ बाहेरचा कोणताही आराखडा देऊ शकणार नाही.

प्रसिद्ध करणाऱ्यांचे कर्तव्य

आराखडा प्रसिद्ध करणे हे औदार्य आहे. पण शिक्षणाच्या दृष्टीने ते अर्धेच काम आहे, जोवर त्याच्यासोबत निर्णयांचा इतिहास दिलेला नाही. अंतिम आराखड्यात टाकून दिलेल्या कल्पना दिसत नाहीत, मोडलेले भाग दिसत नाहीत, आणि तीन वेळा जागा बदललेला सेन्सर पाहणाऱ्याला पहिल्यापासून तेथेच होता असे वाटते. म्हणून प्रसिद्ध करणाऱ्या संघाने आपल्या प्रमुख निर्णयांमागची कारणे, सोडून दिलेले पर्याय, चाचण्यांचे आकडे आणि अजून न सुटलेले दोष, इतका मजकूर अवश्य जोडावा. दोष लपवून दिलेला नमुना त्या पेल्यातील स्ट्रॉसारखा शेकडो यंत्रांत उतरतो. दोष सांगून दिलेला नमुना वाचणाऱ्याला सुधारणेचे आमंत्रण देतो.

रोबोकप स्पर्धेच्या ज्या विभागात सर्व संघांना एकाच जातीचे रोबोट वापरावे लागत, तेथे याचे चांगले उदाहरण आहे. यंत्र सारखेच असल्याने सारी चुरस प्रोग्रामची; तरीही जर्मनीतील ब्रेमेनचा 'बी-ह्यूमन' संघ आपला प्रोग्राम वर्षानुवर्षे दस्तऐवजांसह खुला करीत आला आणि अनेक संघांनी त्यावर आपली उभारणी केली. मात्र दुसऱ्याचा प्रोग्राम घेणाऱ्याने तसे जाहीर करावे आणि आपली भर कोणती ते दाखवावे, असा दंडकही त्या विभागाने घातला. घेण्याची मुभा आणि भर घालण्याची जबाबदारी ही एकत्र बांधली, म्हणजे देवघेव अभ्यासाला वेग देते.

परीक्षक आणि पालक यांच्यासाठी

स्पर्धेच्या चालकांच्या हाती यासाठी मोठे साधन आहे. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत मुलांना रोबोट सुट्या भागांच्या स्वरूपात न्यावा लागे, आणि कृतीचे चित्र किंवा कागद न बघता तो दिलेल्या वेळेत जागेवर जोडावा लागे. शिवाय स्पर्धेच्या दिवशी सकाळी एखादा अनपेक्षित नियम जाहीर होई. ज्याने आराखडा केवळ उतरवला होता तो या कसोटीला उतरणे कठीण, आणि ज्याने समजून घेऊन बांधला होता त्याला ती आनंदाची. याच स्पर्धेच्या 'फ्यूचर इंजिनिअर्स' विभागात संघांना आपल्या रोबोटची कागदपत्रे आणि प्रोग्राम गिटहबवर सर्वांसाठी खुले करावे लागतात. जेथे असे नियम नाहीत, तेथे परीक्षकांनी मुलाखतीत एक भाग सोडवून परत बसवावयास सांगावे, आणि "यातील कोणता निर्णय तुमचा सर्वांत आवडता, आणि कोणता चुकला?" एवढे विचारावे. शिक्षकानेही आपल्या वर्गात महिन्यातून एकदा सुट्या भागांतून हात पुन्हा जोडण्याचा हा प्रघात ठेवावा.

पालकांना नम्रपणे सुचवावेसे वाटते की, चषकाची ओढ स्वाभाविक असली, तरी बाहेरून तयार आराखडा विकत आणून किंवा जाणत्या माणसाकडून जोडून घेऊन मुलाच्या हाती दिलेला विजयी रोबोट हा त्याच्याच शिक्षणाची हानी करतो. व्हेक्सच्या नियमांतही रोबोट हा संघातील मुलांच्या कुवतीचा निदर्शक असावा अशी अपेक्षा स्पष्ट शब्दांत आहे. मुलाचा रोबोट हळू चालत असेल तर चालू द्यावा. घरी आल्यावर तो हळू का चालला, हे त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे.

हंगाम संपला की, प्रत्येक संघाने, मग तो पहिल्या फेरीत बाद झालेला का असेना, आपला आराखडा, कारणे आणि फसलेले प्रयत्न नीट लिहून काढावेत आणि शेजारच्या शाळेतील नव्या संघाला नेऊन द्यावेत. देताना जे स्पष्टीकरण करावे लागते त्यात आपल्या समजुतीतील पोकळी स्वतःलाच दिसतात, आणि घेणाऱ्याच्या प्रश्नांनी त्या भरून निघतात; म्हणून नमुना देणाराही घेणाऱ्याइतकाच विद्यार्थी असतो. ज्या संघाने यंदा दुसऱ्याचा सांगाडा घेतला, त्याने पुढच्या वर्षी आपला द्यावा, आणि त्यासोबत एक तरी निर्णय असा द्यावा की जो त्याने कोणाकडूनही घेतलेला नव्हता. हे ज्या शाळेत घडेल, तेथील शिक्षकाने नमुना दाखवावा की न दाखवावा याची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.